नाटकांची गंजिफा

नाटकांवरून पत्त्यांचा खेळ बांधावयाचा म्हटला, की रंग किती घ्यावे आणि पाने किती करावी हे प्रश्न मागाहून येतात. पहिला प्रश्न असा, की जिंकतो कोण? पत्त्यांत कोणीतरी जिंकलाच पाहिजे. त्यावाचून डाव उठत नाही. रंगभूमीला असा नेम नाही. 'सौभद्रा'त बाजी कोणी मारली असे विचारले, तर शेंबडे पोरही कृष्णाकडे बोट दाखवील. पण 'एकच प्याला'चा पडदा पडल्यावर हाच प्रश्न कोणी प्रेक्षागृहात विचारला, तर लोक त्याच्याकडे दयेने पाहतील. मग अशा नाटकाची पाने पाडावी कशी, आणि पाडली तर शेवटी हात मोजावे कोणाचे?

गेली दोन वर्षे आमच्या घरी हा उद्योग चालला आहे. येथे 'आम्ही' म्हणतो तो काही अंशी लेखकाच्या सवयीने. पण तो खराही आहे, कारण हा खेळ एकट्याने केलेला नाही. आमच्या आत्या, आमची कन्या, शिक्षणासाठी आमच्याकडे राहिलेला भाचा आणि प्रस्तुत लेखक अशी ही चौकडी आहे. आत्यांनी निदान पाच नाटके रात्र रात्र जागून पाहिलेली, आणि त्यांतील पदे त्यांना स्वयंपाक करताना आपोआप येतात. मुलांनी त्यांतील एकही धड पाहिलेले नाही. ही दरी बुजावी म्हणून खेळ करावा, अशी कल्पना मुलांचीच.

असले खेळ करण्याचे दोन सोपे मार्ग आहेत, आणि दोन्ही आम्हांस नापसंत. पहिला मार्ग शाळामास्तरांचा. एका पानावर 'शारदा', दुसऱ्यावर 'देवल', तिसऱ्यावर '१८९९' असे छापावयाचे आणि जोड्या जुळवावयास सांगावयाचे. याला खेळ म्हणणे म्हणजे कडू काढ्याला सरबत म्हणण्यासारखे आहे. ज्याला नाटक ठाऊक तो जिंकणार, आणि ज्याच्यासाठी खटाटोप तो पहिल्याच डावात उठून जाणार. दुसरा मार्ग चिताऱ्याचा. जॉन गे याचे 'बेगर्स ऑपेरा' हे पदांचे नाटक १७२८ साली लंडनात विलक्षण गाजले, तेव्हा तेथील छापखानेवाल्यांनी त्यातील पदे स्वरलिपीसह पत्त्यांवर छापून विकली. वस्तू मोठी देखणी! पण पानावर पद छापले म्हणून बदामची दश्शी काही गाऊ लागत नाही. ती शेवटपर्यंत दश्शीच राहते. नाटक पानाच्या पाठीवर किंवा पोटावर येऊन भागत नाही, ते नियमात आले पाहिजे, एवढे आमचे पहिल्या आठवड्यातच ठरले.

नियमाचा धडा आम्हांस सावंतवाडीने दिला. दशावताराचा आणि त्या मुलुखाचा संबंध दुहेरी आहे. जत्रेच्या रात्री देवळापुढे उभे राहणारे दशावतारी खेळ तेथले, आणि लाखेच्या रंगात रंगविलेली वाटोळी दशावतारी गंजिफाही तेथली. अशी गंजिफा सावंतवाडीच्या राजवाड्यात आजही तयार होते. तिची पाने एकशेवीस, रंग दहा, एकेक रंग एकेका अवताराचा. प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची दहा पाने. खेळणारे तिघे, प्रत्येकास चाळीस पाने. आता यातील गंमत पाहा. दिवसा खेळावयास बसल्यास आरंभ रामाकडून, रात्री बसल्यास कृष्णाकडून. एक सूर्यवंशी, दुसऱ्याचा जन्मच मध्यरात्रीचा. त्याहून मोठी गंमत अशी, की दहा रंगांपैकी पाचांत दश्शी सर्वांत वजनदार आणि एक्का सर्वांत हलका, तर उरलेल्या पाचांत हा क्रम नेमका उलटा. खेळणाऱ्याला क्षणाक्षणाला आठवावे लागते, की आपण सध्या कोणत्या अवताराच्या राज्यात आहोत. इथे थोर ते तिथे क्षुद्र. ज्या कोणी हा नियम प्रथम केला, त्याने चित्र न काढता, अक्षर न लिहिता पुराणाचा एक तुकडाच पानांत घातला.

हा उलटा क्रम आम्ही तसाच उचलून 'मानापमाना'ला दिला. खाडिलकरांच्या १९११ च्या या नाटकात श्रीमंत लक्ष्मीधर भित्रा आणि निर्धन धैर्यधर शूर. भामिनीला मोठा कोण आणि लहान कोण याचा उमज पडण्यातच नाटकाचे सारे अंक खर्ची पडतात. तेव्हा आमच्या खेळात बाकीच्या रंगांत दश्शी मोठी, पण 'मानापमाना'त एक्का मोठा. भाच्याने तीन वेळा आपली दश्शी ऐटीत टाकून मार खाल्ला, आणि चौथ्या वेळी विचारले, "मामा, हा लक्ष्मीधर होता तरी कोण?" हा प्रश्न काढून घ्यावा एवढ्याचसाठी आमचा सारा खटाटोप होता.

खेळाची ठेवण थोडक्यात सांगून टाकतो. रंग सहा: 'शाकुंतल', 'सौभद्र', 'शारदा', 'मानापमान', 'संशयकल्लोळ' आणि 'एकच प्याला'. प्रत्येकाची पाने बारा: दहा आकड्यांची, अकरावे मुख्य पात्राचे, आणि बारावे, ज्याला मुलांनी 'खोडी' हे नाव दिले, ते त्या नाटकातील एखाद्या वस्तूचे किंवा सोंगाचे. एकंदर बहात्तर पाने. चौघांत अठरा अठरा. समोरासमोरचे जोडीदार. उतारीचा रंग असेल तर तोच टाकावा, मोठ्या पानाने हात करावा, हे सारे मेंढीकोटवाल्यांना सांगावयास नकोच. हुकूम नाही, खोड्या सहा असल्यावर हुकमाची गरज पडत नाही. 'कीचकवध' घ्यावे असा भाच्याचा आग्रह होता, पण ते आम्ही वगळले. १९०७ साली त्या कीचकात प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसत होता, आणि सरकारलाही तो दिसला म्हणून १९१० साली नाटकावर बंदी आली. ज्या नाटकाचे अर्धे पात्र रंगमंचाबाहेर, सरकारी बंगल्यात, वावरत होते, त्याची खोडी पानावर काढावी कशी?

'सौभद्रा'ची खोडी सहज सुचली. अर्जुनाचा संन्यासी म्हणून एक पान, जे पालथे टाकावयाचे. ते खरोखर कोणते हे पाहण्याचा अधिकार फक्त कृष्णाचे पान ज्याच्या हाती त्याला. तो पाहतो, हसतो आणि गप्प बसतो. त्या हसण्याने बलरामाच्या बाजूचे दोघे असे काही चिडतात, की अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ साली लोकांना कसे हसविले असेल याचा थोडा अंदाज यावा.

'संशयकल्लोळा'त तर खेळ आयताच तयार होता. देवलांनी हे नाटक प्रथम गद्यात लिहिले आणि १९१६ साली ते संगीत होऊन रंगभूमीवर आले. त्याचे मूळ मर्फीच्या १७६१ च्या इंग्रजी नाटकात, आणि मर्फीचे मूळ मोलिएरच्या १६६० च्या फ्रेंच प्रहसनात. अडीचशे वर्षे तीन भाषांतून फिरत आलेली ही वस्तू मुळात आहे काय? एक तसबीर! अश्विनशेठची तसबीर रेवतीकडून गळते, कृत्तिकेच्या हाती लागते, ती फाल्गुनरावाच्या दृष्टीस पडते, आणि जो जो ती पाहतो तो तो नसते ते पाहतो. हातोहात फिरणारा एक चित्रित पुठ्ठा आणि त्यावरून सर्वांची चुकीची अनुमाने! हे पत्त्यांचे नाटक नव्हे तर दुसरे काय? आपल्याकडचा गुलामचोर जवळजवळ असाच. एवढेच की त्यात ज्याच्यापाशी गुलाम उरतो तो चोर ठरतो. आम्ही तो नियम फिरविला. प्रत्येक हातानंतर सर्वांनी एकेक पान पालथे डावीकडे सरकवावे; त्यात तसबीर असेल वा नसेल. डावात केव्हाही कोणीही म्हणावे, "तसबीर तुमच्यापाशी आहे." असेल तर काहीच होत नाही. नसेल तर संशय घेणाराचे दोन हात गेले. तसबीर बाळगणाऱ्याला दंडच नाही. मुलांनी प्रथम कुरकुर केली, की मग कोणी संशय घेईलच कशाला? पण प्रत्यक्ष खेळावयास बसल्यावर असा एकही डाव झाला नाही, ज्यात कोणी संशय घेतला नाही. लाभ शून्य, हानी निश्चित, आणि तरी माणसाच्याने राहवत नाही. सर्वांत अधिक दंड प्रस्तुत लेखकाने भरला आहे, हे घरातील मंडळी जाहीर करणारच आहेत, म्हणून येथेच नमूद करतो.

यापुढची तीन नाटके मात्र सोपी गेली नाहीत. आणि हा लेख लिहावासा वाटला तो त्यांच्यामुळे.

'शाकुंतला'ची खोडी अंगठी. नियम असा, की अंगठीचे पान खेळात पडेपर्यंत दुष्यंत हा राजा नव्हे. तो त्या रंगातील दुर्रीहूनही हलका. अंगठी पडली की तो एकदम सर्वांवर. अर्थात ज्याच्या हाती अंगठी तो कोळी. त्याने ती केव्हा टाकावी यावर दुसऱ्याचे राज्य अवलंबून. नियम उत्तम चालला. पण तो लिहून काढताना एक गोष्ट डोळ्यांत भरली. महाभारतातील शकुंतलेच्या कथेत अंगठीही नाही आणि शापही नाही. तेथे राजाला सर्व आठवत असते. भरसभेत तो ओळख नाकारतो, आणि मागाहून आकाशवाणी झाल्यावर लोकापवादासाठी असे केले म्हणून सांगतो. कालिदासाला असला नायक चालेना. त्याने दुर्वासाचा शाप आणला, अंगठी आणली, म्हणजे आमच्यासारखाच एक नियम केला: अमुक वस्तू दिसेतो राजाला आठवावयाचे नाही. राजा सुटला! विसरला तो शापामुळे, आठवले ते अंगठीमुळे. त्याचा स्वतःचा त्यात दोष तो काय? नाटककारसुद्धा पात्रांना पाने वाटताना नियम करीत असतो, आणि तो नियम कोणासाठी केला आहे हे पाहण्यासारखे असते, हा विचार तेव्हापासून मनात राहिला.

तो मनात ठेवूनच 'एकच प्याला' हाती घेतले. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी वारले आणि नाटक त्यानंतर रंगभूमीवर आले. आपल्या सिंधूसाठी प्रेक्षागृहे रडताना त्यांनी पाहिली नाहीत. येथे खोडी कोणती हे विचारावयास नको. प्याल्याचे पान कोणताही हात मारते. पहिल्यांदा ते टाकावे की नाही हे खेळणाराच्या खुशीवर. आणि हात झाला की प्याला परत त्याच्याच हाती येतो, त्याच्या जागी दुसरे एखादे पान टाकून दिले की झाले. पण एकदा टाकल्यावर पुढे खुशी उरत नाही. उतारीचा रंग हातात नसला की प्यालाच टाकावा लागतो. तोही हात मिळतो. मात्र अशा प्रत्येक वेळी समोरच्या जोडीदाराच्या ढिगातून दोन हात वजा होतात. पिणारा जिंकत जातो आणि भरतो समोरचा. रंगभूमीवर बालगंधर्वांनी अजरामर केलेल्या सिंधूचे पान आम्ही केलेच नाही. सिंधू समोर बसलेली असते.

हा नियम कन्येचा. पहिल्या डावात तिच्या जोडीला आम्ही होतो आणि प्याला आमच्या हाती होता. तिने आपले सहा हात एकामागून एक मुकाट्याने मोजून दिले. खेळ आहे, पाने पुठ्ठ्याची आहेत, हे सर्वांना ठाऊक; तरी तिच्या तोंडाकडे पाहवेना. भाचा म्हणाला, जोडीदारालाही एखादे प्रतिपान द्यावे, म्हणजे डाव समतोल होईल. कन्या म्हणाली, "समतोल करायचा असेल तर नाटकाचे नाव बदल." प्रतिपान दिले नाही.

राहिली 'शारदा'. तिचा नियम भाच्याने बांधला, आणि तो बांधण्याआधी देवलांचे पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचले, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. शारदेचे पान ज्याला वाटले जाईल तो कांचनभट. त्याने ते मांडून बोली घ्यावी, तीनशेचारात लावतात तशी: मी दोन हात देतो, मी तीन देतो. खोडीचे पान थैलीचे. ते ज्याच्यापाशी तो भुजंगनाथ, त्याला सर्वांवर आणखी तीन हात चढविता येतात. पान पाच हातांच्या मोलाचे, त्यामुळे बोली रंगते. आणि शेवटी देवलांचा कोदंड: सौदा ठरल्यावर घेणाऱ्याने आणि देणाऱ्याने आपल्या हातातील एकेक पान न पाहता उघडावे, दोन्ही एकाच रंगाची निघाली तर वधूवर सगोत्र, लग्न मोडले, शारदा सुटली. नाटकात ऐन बोहल्यावर कोदंड हेच उघडकीस आणतो. नियम इतका चपखल, की आम्ही त्याला शाबासकी दिली.

त्या दिवशी शारदेचे पान आत्यांना वाटले गेले. त्यांनी ते मांडले. भाच्याने दोन म्हटले, आम्ही तीन, कन्येने चार. थैली भाच्याकडे होती, तो सातावर गेला. दोन पाने उघडली. एक 'सौभद्रा'चे, एक 'मानापमाना'चे. भाच्याने पान घेण्यासाठी हात पुढे केला. आत्यांनी पानावरचा हात काढला नाही.

"सगोत्र निघाली म्हणून सुटली," त्या म्हणाल्या. "निघाली नसती तर?"

कोणी बोलेना. भाचा थोड्या वेळाने म्हणाला, "आत्याआजी, हिशेबाने पाहिलं तर साधारण सहांतून एकदा सुटते."

"तेच विचारते," आत्या म्हणाल्या. "उरलेल्या पाचींचं काय?"

आत्यांचे लग्न सतराव्या वर्षी झाले, १९६० साली, त्यांच्याहून वीस वर्षांनी वडील अशा बिजवराशी. कायद्याने त्यात काही वावगे नव्हते. बालविवाहाला आळा घालणारा १९२९ चा जो कायदा शारदा कायदा म्हणून ओळखला जातो (ते नाव अजमेरच्या हरविलास सारडांचे, नाटकाशी त्याचा संबंध केवळ नामसादृश्याचा, जरी आमच्या लहानपणी अनेक शहाणी माणसे तो देवलांच्या नायिकेवरून आला असे खात्रीने सांगत), त्याने मुलीची मर्यादा चौदा वर्षांची केली होती, १९४९ साली ती पंधरा झाली, आणि अठरा व्हावयास १९७८ उजाडले. गोत्रे तर वेगळी होतीच, ती नीट पाहून घेतली होती. यजमान सालस होते, संसार झाला. घरात या गोष्टीविषयी तक्रारीचा शब्द कोणी ऐकलेला नाही, आणि त्या दिवशीही आत्यांनी तो काढला नाही. त्या फक्त डावाबद्दल बोलत होत्या.

पण त्यांचा प्रश्न डावापुरता नव्हता, तो देवलांनाही लागू पडतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रंगमंचावर उभे राहून मुली विकणाऱ्या बापांच्या तोंडावर बोलणे ही लहान छाती नव्हे, आणि त्या नाटकाने जेवढे डोळे उघडले तेवढे व्याख्यानांनी उघडले नसतील. तरीही लग्न मोडते ते वर म्हातारा आहे म्हणून नव्हे, मुलगी नको म्हणते म्हणूनही नव्हे. गोत्र एक निघाले म्हणून मोडते. शास्त्राच्या जाळ्यातून शास्त्राच्याच एका फटीने ती बाहेर पडते. दुष्यंतासाठी कालिदासाने अंगठी घडविली, शारदेसाठी देवलांनी गोत्र शोधले. फरक इतकाच, की कालिदासाला आपला राजा निर्दोष दाखवावयाचा होता, तर देवलांना समोर बसलेल्या प्रेक्षकांना पटेल असा तेवढा एकच अडसर सापडत होता. मुलीचा नकार हे तेव्हा कारण म्हणून चालणारे नाणेच नव्हते. भाच्याचे म्हणणे असे पडले, की मग नियम बदलला तर ते देवलांचे नाटक राहणार नाही. आपण नाटकांची पाने करतो आहोत, आपल्या मतांची नव्हे. म्हणण्यात तथ्य होते. सिंधूला प्रतिपान नाकारताना आपणही याच बाजूला होतो, हे कन्येने मोकळेपणाने कबूल केले. पण शारदेला मात्र ते मिळालेच पाहिजे असा तिचा हट्ट. यात विसंगती आहे, असे आम्ही म्हणून पाहिले. "असू दे," ती म्हणाली. "सिंधू मेली आहे. शारदा डावात आहे."

वाद तीन रविवार चालला. अखेर नियम आत्यांनीच सांगितला आणि तो आज चिठोऱ्यावर त्यांच्याच अक्षरात आहे. बोली लागावी, थैली यावी, सात हातांपर्यंत सौदा चढावा, दोन पाने उघडून गोत्रेही पाहावीत; देवलांचे सारे देवलांसारखे. पण सर्व झाल्यावर शारदेचे पान मूळ ज्याला वाटले गेले होते, त्याला एकदा 'नाही' म्हणता येईल. मग ते पान त्याच्याच हाती राहील, बोलीचे हात जागच्या जागी राहतील, आणि कारण विचारण्याची कोणाला मुभा नाही. भाच्याने शंका काढली, की असे असेल तर प्रत्येक जण दरवेळी 'नाही'च म्हणेल आणि बोलीत अर्थ उरणार नाही. तसे झालेले नाही. सात हात समोर दिसले की कांचनभट व्हावयास चांगली चांगली माणसे तयार होतात. आमच्या नोंदवहीत वीस डावांत 'नाही' नऊ वेळा आले आहे, आणि त्यांतील पाच वेळा आत्यांचे आहे.

पाने कन्येने जाड पुठ्ठ्यावर रंगविली. गंजिफेसारखी वाटोळी करून पाहिली, पण ती पिसताना मुलांच्या हातून घरंगळतात, म्हणून चौकोनी केली. एक डाव सुमारे पाऊण तास चालतो.

आता भाच्याला सातवा रंग हवा आहे, 'मृच्छकटिका'चा. बहात्तरांची चौऱ्याऐंशी होतील, चौघांत एकवीस एकवीस बसतील, म्हणजे हिशेबाची अडचण नाही. खोडीसाठी त्याने मातीची गाडी सोडून शूद्रकाचा जुगारी संवाहक पकडला आहे: दहा सुवर्ण हरलेला हा गृहस्थ सावकारांना चुकवून ओसाड देवळात शिरतो आणि देव होऊन निश्चल उभा राहतो. पाठलाग करणारे तेथेच फासे मांडून बसतात, आणि फाशांचा खुळखुळाट ऐकून देवाच्याने काही राहवत नाही. हे पान ज्याच्या हाती येईल त्याने डाव संपेतो हलावयाचे नाही, बोलावयाचे नाही, आणि पान मात्र वेळेवर टाकावयाचे, असे भाचा म्हणतो. आत्यांना हे पटलेले आहे. त्या काळातील प्रेक्षागृहात लेखकाने एका जागी तीन तास स्वस्थ बसून दाखवावे आणि मग नियम पक्का करावा, एवढीच त्यांची अट आहे. पुढच्या महिन्यात आमच्या गावी कोणते संगीत नाटक लागते आहे, याचा तपास चालू आहे.